ड्रॅगनच्या सोंगाआड कोण आहे?

 हातातली कामं चालू ठेवा, भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल. आज मी एका सोंगाबद्दल बोलणार आहे. आपल्या घरातली मुलं-मुली मोबाईलवर जे सोंग घेतात, त्याबद्दल.

तुम्ही पाहिलं असेल. पोरगी फोन घेऊन कोपऱ्यात बसलेली असते. पडद्यावर एक जनावर फिरत असतं. त्याला पंख, लांब शेपूट, डोक्यावर शिंगं, आणि तोंडातून आग. आपण विचारतो, ‘‘हे काय गं?’’ ती म्हणते, ‘‘हा ड्रॅगन. ही मी आहे.’’ आपण कपाळाला हात लावतो. पण ती म्हणते ते खरं असतं. त्या खेळाच्या जगात ती त्या जनावराच्या रूपानं चालते, उडते, दुसऱ्यांशी बोलते. त्या रूपाला इंग्रजी बोलणारी माणसंही ‘अवतार’ म्हणतात.

हा शब्द आपलाच आहे. अवतार म्हणजे खाली उतरणं. देव वरून खाली उतरला, मासा झाला, कासव झाला, अर्धा सिंह अर्धा माणूस झाला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. १९८६ साली अमेरिकेतल्या लुकासफिल्म कंपनीनं ‘हॅबिटॅट’ नावाचा संगणकावरचा खेळ काढला. त्यात खूप जण आपापल्या घरी बसून एकाच चित्रातल्या गावात भेटू शकत. पडद्यावरच्या त्या बाहुल्यांना काय म्हणायचं, असा प्रश्न आला, तेव्हा खेळ घडवणाऱ्या चिप मॉर्निंगस्टार यांनी हा संस्कृत शब्द उचलला. माणूस बाहेर बसलेला आणि त्याचं रूप आत उतरलेलं, म्हणून अवतार. पुढं १९९२ सालच्या एका इंग्रजी कादंबरीतून तो जगभर पसरला.

म्हणजे सोंग घेणं आपल्याला नवीन नाही. कोकणात दशावतारात सोंडेचा गणपती रंगमंचावर येतो. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात मोठाले मुखवटे चढवून माणसं नाचतात. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला असतो. सिंहासारखं दिसणारं ते जनावर कुठल्याच रानात सापडणार नाही, ते माणसानं मनातून काढलं. तसाच हा ड्रॅगन, फक्त तो दुसऱ्या मुलखातल्या गोष्टींतून आला. तेव्हा ‘‘हे काय भलतंच खूळ’’ असं म्हणून पोरीला गप्प करू नका.

आता हे जनावर बनतं कसं ते सांगते. ‘सेकंड लाइफ’ नावाचं एक जग आहे. अमेरिकेतल्या लिंडेन लॅब या कंपनीनं ते २००३ साली सगळ्यांसाठी उघडलं. ते मुख्यतः मोठ्या माणसांसाठी आहे. तिथं कुणी बाई होतं, कुणी कोल्हा, कुणी ड्रॅगन. आणि ही रूपं कंपनीपेक्षा जास्त तिथं येणारी माणसंच बनवतात आणि एकमेकांना विकतात.

हे काम शिवणासारखं आहे. आधी संगणकावर ड्रॅगनचा आकार घडवायचा. तो बारीक बारीक तुकडे एकमेकांना जोडून होतो, गोधडीसारखा. मग त्याचं कातडं. ब्लाऊज शिवताना आपण पाठ, पुढचा भाग, बाही असं कापड सपाट बेततो आणि मग अंगाला बसेल असं जोडतो. तसंच ड्रॅगनचं कातडं आधी सपाट पसरतात, त्यावर खवले, रंग, सुरकुत्या रंगवतात आणि मग आकारावर चढवतात. बेतणं चुकलं तर इथं झोळ पडतो, तिथंही पडतो.

त्यानंतर हाडं घालायची. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाची माणसं कळसूत्री बाहुल्या नाचवतात. दोरा ओढला की हात हलतो. संगणकातल्या जनावराला दोऱ्याऐवजी आतून हाडं असतात. हाड हललं की त्यावरचं कातडं हलतं. सेकंड लाइफमध्ये सुरुवातीला फक्त माणसाच्या बेताची हाडं होती. ड्रॅगन बनवणाऱ्यांना माणसाचेच हातपाय दुमडून चार पायांचं जनावर करावं लागे, पंख वरून अडकवावे लागत. २०१६ साली कंपनीनं पंखांची, शेपटीची, चेहऱ्याची आणि मागच्या पायांची जादा हाडं दिली. तेव्हा कुठं पंख खांद्यातून फुटल्यासारखे हलू लागले. शेवटी चाल बसवायची. चार पायांचं जनावर कोणता पाय आधी टाकतं, हे पाहून पाहून शिकावं लागतं. तुम्ही रोज गाय-बैल पाहता, तुम्हाला ते शिकवावं लागणार नाही.

एवढं सगळं सांगितलं ते यासाठी, की पडद्यावरचं ते जनावर आकाशातून पडलेलं नसतं. त्यामागं कुणाचे तरी अनेक दिवसांचे कष्ट असतात. म्हणूनच त्याला किंमत असते, आणि इथं आपल्या कनवटीचा संबंध येतो.

सेकंड लाइफमध्ये लिंडेन डॉलर नावाचं चलन चालतं. साधारण अडीचशे लिंडेन डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर. समजा, एक ड्रॅगन दीड हजार लिंडेन डॉलरला आहे. पोरगं म्हणेल, ‘‘खेळातलेच पैसे आहेत.’’ हिशेब करा. ते सहा अमेरिकी डॉलर झाले, म्हणजे आपले पाचशे रुपयांच्या वर. मुलं जास्त खेळतात त्या ‘रोब्लॉक्स’मध्ये रोबक्स नावाचं चलन आहे. बाकी खेळांत कुठं हिरे, कुठं नाणी. नाव काहीही असो, ते विकत घ्यायला खरे रुपये लागतात. रुपयाचं नाव बदललं की खर्च केल्यासारखं वाटत नाही, ही त्यातली गोम आहे. जत्रेत आधी कूपन घ्यायला लावतात ना, तसंच. बचत गटाचा हप्ता ज्या खात्यात आहे, तेच खातं फोनला जोडलेलं असेल आणि पिन पोराला पाठ असेल, तर आजच पिन बदला. पोरावर विश्वास नाही म्हणून नव्हे. तिजोरीची किल्ली आपण लहान मुलाच्या गळ्यात बांधत नाही, एवढंच.

आणखी एक गोष्ट मुलांना समजावून सांगा. पैसे देऊन घेतलेलं ते रूप आपल्या मालकीचं नसतं. ‘क्लब पेंग्विन’ म्हणून मुलांचं एक जग होतं. २००५ साली सुरू झालं, पुढं डिस्ने कंपनीनं ते विकत घेतलं. तिथं प्रत्येक मूल पेंग्विन पक्षी व्हायचं, आपलं बर्फाचं घर सजवायचं. कित्येक आईबापांनी त्यासाठी महिन्याची वर्गणी भरली. मार्च २०१७ मध्ये कंपनीनं ते बंद केलं. पेंग्विन गेले, घरं गेली. आपल्या दंडाला बांधलेली चांदीची वाकी अडीअडचणीला गहाण तरी ठेवता येते. हा ड्रॅगन गहाण ठेवता येत नाही.

आता जे सांगते ते जास्त लक्ष देऊन ऐका.

मुलगी ड्रॅगनच का होते? तिला सुंदर बाईचं रूपही घेता आलं असतं. विचारून पाहा. बाईचं रूप घेतलं की तिथंही कुणी तरी शेरा मारतं, मागं लागतं. ड्रॅगनला कुणी विचारत नाही, तू काळी की गोरी, कुणाची, कोणत्या आळीतली, लग्न ठरलं का. ड्रॅगन अंधार पडल्यावरही उडू शकतो. घराच्या उंबऱ्यापासून शाळेपर्यंत जिच्यावर सगळ्यांची नजर असते, तिला अशी नजर नसलेली जागा हवीशी वाटली, तर त्यात तिचं काय चुकलं?

पण एक ध्यानात ठेवा. तिनं सोंग घेतलंय, तसं समोरच्यानंही घेतलंय. आपल्या दारी बहुरूपी यायचा. पोलिसाचा वेष घालून दरडावायचा, ‘‘चला, वॉरंट आहे!’’ पोरं घाबरायची. पण शेवटी तो हसायचा, आपण बहुरूपी आहोत हे सांगायचा आणि पसाभर धान्य मागायचा. सोंग संपायचं आणि माणूस दिसायचा. पडद्यावरच्या जगात सोंग संपत नाही. समोरचा गोंडस कोल्हा बारा वर्षांची मैत्रीण असेल, किंवा चाळीस वर्षांचा पुरुष असेल. तिथं येणारे बहुतेक जण नुसते खेळायला आलेले असतात. पण जो वाईट हेतूनं आलेला असतो, त्याची चाल ओळखता येते.

आधी तो खूप स्तुती करतो. मग फुकट काही देतो, एखादं महागडं रूप किंवा खेळातली नाणी. मग म्हणतो, ‘‘इथं नको, दुसऱ्या ॲपवर बोलू.’’ मग म्हणतो, ‘‘आईला सांगू नकोस.’’ मग फोटो मागतो. आणि फोटो हाती आला की धमकी देतो. मुलीला एवढं शिकवा, की फुकट देणारा आणि ‘घरी सांगू नको’ म्हणणारा, दोन्ही एकाच तोंडानं बोलला तर तिथंच थांबायचं. त्याला बंद करायचं, आलेले निरोप पुसायचे नाहीत आणि घरी सांगायचं.

पण मैत्रिणींनो, ती घरी सांगेल का? खरी अडचण इथंच आहे. तिला माहीत असतं, की सांगितलं की पहिल्यांदा फोन जाणार, मग शाळा, आणि मग मामा स्थळ घेऊन येणार. धमकी देणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. त्याची सगळी ताकद त्या भीतीत असते. ज्या पोरीला आईची भीती नाही, तिला तो फार काळ धरून ठेवू शकत नाही. म्हणून ती सांगायला आली तर पहिलं वाक्य ‘‘तुला कुणी सांगितलं होतं फोन घ्यायला’’ असं असू नये. पहिलं वाक्य असावं, ‘‘बरं केलंस सांगितलंस.’’ फोन ओढून घेतला तर ती दुसऱ्यांदा काहीच सांगणार नाही.

मदतीचे दोन नंबर लिहून ठेवा, चुलीजवळच्या भिंतीवर खडूनं लिहिले तरी चालतील. फोनवरून पैशाची फसवणूक झाली तर १९३०. जितक्या लवकर फोन कराल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. लहान मूल अडचणीत असेल तर १०९८. दोन्हीला पैसे पडत नाहीत.

आणि एक शेवटची गोष्ट. पोरीला जनावरं काढायची खरीच हौस असेल, तर तिला विकत घ्यायच्या बाजूलाच ठेवू नका, बनवायच्या बाजूलाही जाऊ द्या. ‘ब्लेंडर’ नावाचं आकार घडवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याला चांगला संगणक लागतो, मोबाईल पुरत नाही. शाळेत, महाविद्यालयात कुठं संगणक मोकळा असेल तर विचारा. शिकायला बरेच महिने जातात आणि लगेच पैसे मिळतील असं मी सांगणार नाही. पण शिवणयंत्र शिकतानाही पहिले ब्लाऊज वाकडेच शिवले जातात.

या आठवड्यात एक काम करा. घरातल्या मुलाला किंवा मुलीला सांगा, ‘‘मला तुझं सोंग दाखव.’’ शेजारी बसा. त्याचं नाव काय, ते कुठं फिरतं, त्याला मित्र कोण, ते कुठून आणलं, किती रुपये पडले, हे सहज गप्पा मारत विचारा. दरडावू नका. काय ऐकलंत ते गटाच्या बैठकीत एकमेकींना सांगा. एखादीच्या घरी काही वावगं दिसलं, तर तिचं नाव गावभर करू नका, तिच्या पाठीशी उभ्या राहा.

सोंग लेकराचं असलं तरी आतलं लेकरू आपलं आहे. त्याला हाक मारत राहा. नमस्कार.