झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप झोपला का?

आजचा एपिसोड लिनक्सवाल्यांसाठी आहे. त्यातही खास त्यांच्यासाठी, जे शुक्रवारी संध्याकाळी कल्याणहून मुरबाडची एसटी धरतात आणि पुढे म्हसा, नारिवली करत सिद्धगडाच्या पायथ्याला घरी जातात. ऑफिसात वायफाय, एसटीत मोबाइलचा हॉटस्पॉट, घरी रेंज कधी आहे, कधी नाही. पावसात लाइट गेली की सकाळपर्यंत येईलच असं नाही. मग बॅगेतला लॅपटॉप किती टक्क्यांवर उघडतो, यावर सगळं काम अडतं.

(याच जंगलात २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांचा आझाद दस्ता विजेच्या तारांचे मनोरे पाडायचा. आज तिथेच आपण एकेक टक्का वीज जपतोय.)

तर झाकण मिटलं की लॅपटॉप सस्पेंड होतो. पण सस्पेंडचे प्रकार दोन. एक ‘डीप’: यात जवळपास फक्त रॅमला वीज मिळते, बाकी सगळं बंद. दुसरा ‘एस-टू-आयडल’: यात मशीन नुसती डुलकी घेते आणि एखादा भाग नीट झोपला नाही तर बॅगेतच गरम होत बसते. तुमच्याकडे कुठला आहे ते ‘सिस’ फोल्डरमधल्या ‘पॉवर’मधली ‘मेम-स्लीप’ ही फाइल वाचली की कळतं. चौकटी कंसातला शब्द म्हणजे सध्या चालू असलेला प्रकार. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये ‘डीप’ मिळतच नाही, त्यात तुमची काही चूक नाही.

अशांसाठी मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो ‘सस्पेंड-देन-हायबरनेट’. आधी झोप, मग ठरलेल्या वेळाने रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद. झाकणाचं वागणं ‘लॉगिनडी’च्या सेटिंगमध्ये बदलायचं, वेळ ‘स्लीप’च्या सेटिंगमध्ये. मात्र स्वॅप साधारण रॅमएवढी हवी आणि सिक्युअर बूट चालू असेल तर बहुतेक ठिकाणी हायबरनेट होतच नाही. म्हणून घरी, काम सेव्ह करून, एकदा करून बघा. एसटीत पहिला प्रयोग नको!

आता नेटवर्क. इथे बॅटरी नाही, डेटा पॅक जातो. नेटवर्कमॅनेजर अँड्रॉइडचा हॉटस्पॉट बहुतेक वेळा ओळखतो आणि ‘मीटर्ड’ धरतो, पण अंदाजावर कशाला राहायचं? त्या कनेक्शनला स्वतः ‘मीटर्ड’ करून टाका, म्हणजे अपडेट आपोआप उतरणार नाहीत. गिट किंवा डॉकरला मात्र याचं काही पडलेलं नसतं, ते तुम्हीच आवरायचं. घरच्या वायफायची ‘ऑटोकनेक्ट प्रायॉरिटी’ वाढवा, मोठा आकडा आधी जोडला जातो.

सुरू व्हायला वेळ लागतोय म्हणून बरेच जण ‘सिस्टमडी-अॅनालाइझ ब्लेम’ बघून दिसेल ती सेवा बंद करत सुटतात. तसं नका करू. सेवा एकाच वेळी चालतात, त्यामुळे कोण कुणासाठी अडलंय ते ‘क्रिटिकल-चेन’मध्ये दिसतं. तिथे नेटवर्कची वाट बघणारी ‘वेट-ऑनलाइन’ सापडली आणि तुमची कुठलीही डिस्क नेटवर्कवरून जोडलेली नसेल, तर ती खुशाल बंद करा.

राहिला सर्व्हर. झाकण उघडलं, नेटवर्क बदललेलं, आणि एसएसएचची खिडकी थिजलेली. त्यावर ‘मॉश’ वापरा. झोपून उठलात, आयपी बदलला, तरी सेशन तिथेच असतं. फक्त सर्व्हरवरही मॉश लागतं आणि यूडीपी पोर्ट उघडे लागतात, ते ऑफिसात असतानाच विचारून घ्या.