पेटीतलं लायसन



आमच्या मुलांचे बाबा 17 वर्षं फौजेत होते, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. डोंगरातल्या रस्त्यांवर, बर्फात, कधी रात्री दिवे न लावता त्यांनी ट्रक चालवले. ते घरी आले तेव्हा मला वाटलं, वरोऱ्यात ट्रकला काय तोटा? एकोना, माजरी इथल्या कोळसा खाणी हाकेच्या अंतरावर आहेत. पण पहिल्याच गाडीमालकाने लायसन मागितलं. यांनी फौजेचं दाखवलं. त्याने ते परत यांच्या हातात दिलं. "भाऊ, याच्यावर माझी गाडी नाही चालवता येत."

मग दोन वर्षं ते एका गोदामाच्या फाटकावर बसले. शेजारणी विचारायच्या, "भाऊजी काय करून राहिले?" मी विषय बदलायची.

गाडीमालकाचं चुकलं नव्हतं. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 18 आहे. त्याखाली मिळालेलं लायसन फक्त देशाच्या संरक्षणासाठी असलेल्या सरकारी गाड्यांपुरतं असतं. बाहेरची गाडी चालवायची तर आरटीओचं लायसन वेगळं काढावं लागतं. पण त्याच कायद्याचं कलम 9 सांगतं, की कलम 18 चं लायसन ज्याच्याकडे आहे किंवा होतं, त्याला त्याच प्रकारच्या गाडीसाठी पुन्हा चाचणी द्यायची गरज नाही. डॉक्टरांचा दाखला, फी आणि अर्ज लागतोच. पुरावाही हवा.

हे आम्हाला दोन वर्षं कोणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, खरं सांगते. कळलं तेव्हा यांचं जुनं लायसन पेटीच्या तळाशी सापडलं. आडनाव आधार कार्डापेक्षा वेगळं लिहिलेलं. त्या एका अक्षरापायी दूरच्या कार्यालयाशी चार महिने पत्रं चालली. नोकरीत असताना हेच काम साहेबांच्या टेबलावर झालं असतं.

सगळ्याच कामांना अशी सूट नाही. खडकीला सैपर झालेल्या मुलाने कितीही सुरुंग हाताळलेले असोत, कोळशाच्या खाणीत स्फोट करायला खाण सुरक्षा महासंचालनालयाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. फौजेतला नर्सिंग असिस्टंट दवाखान्यात नर्स म्हणून लागू शकत नाही, त्याला परिषदेची नोंदणी हवी. फाटकावर बसायलाही कागद लागतो, बाई! 2005 च्या खासगी सुरक्षा कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत नव्या माणसाला 160 तासांचं प्रशिक्षण आहे. माजी सैनिकाला मात्र 40 तास वर्गात आणि 16 तास मैदानावर, एवढं पुरतं.

आता ज्यांची लेकरं अग्निवीर आहेत, त्यांनी इकडे कान द्या. लष्करी पोलिसांत मुलीही जातात, म्हणून लेकरं म्हणते. ही योजना 2022 च्या जूनमध्ये आली. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं 2026 च्या शेवटी भरू लागतात. 100 पैकी जास्तीत जास्त 25 जण पुढे ठेवणार, बाकीचे घरी. सेवानिधीचे साधारण 11 लाख 71 हजार हातात येतात, पण पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे राज्याच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना ज्या 15 टक्के जागा आहेत, त्यावर भिस्त ठेवता येत नाही. अशा मुलाला कागदाचाच आधार. दहावी होऊन गेलेल्याला मुक्त विद्यालयाकडून, म्हणजे एनआयओएसकडून बारावीचं प्रमाणपत्र मिळवता येतं. इग्नूच्या पदवीचे निम्मे क्रेडिट फौजेतल्या प्रशिक्षणातून धरले जातात. पण नाव नोंदवलं तर! आणि हे फौजेत असतानाच करायचं.

एवढा पैसा आला की घरात आधी ट्रॅक्टर आणि लग्न यांचीच गोष्ट निघते. मी लग्नाच्या विरुद्ध नाही. त्याच दिवशी कागदांचीही गोष्ट काढा, एवढंच.

आमच्या मुलांचे बाबा आता मोठी गाडी चालवतात. एमएच 34 च्या पाटीवर अजून त्यांचा जीव आहे.

माझा पुतण्या अग्निवीर आहे. मागच्या रविवारी त्याचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "बेटा, तुझ्या रेकॉर्डमध्ये आडनाव कसं लिहिलं आहे?" तो हसला. म्हणाला, "मोठी माय, हे काय विचारतेस?" संध्याकाळी त्याने मोबाइलवर फोटो पाठवला. दहावीच्या सनदेशी ताडून पाहिला. एक काना जास्त होता. त्याच रात्री त्याला अर्ज करायला सांगितलं.