पोरीनं मोजलेला पाऊस



सह्याद्री ढग अडवतो. पाऊस घाटमाथ्यावर पडतो. आपल्या कर्जत तालुक्याच्या वाट्याला थोडाच येतो. १९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो.

गेल्या पावसाळ्यात माझी लेक शाळेतून आली. म्हणाली, "बाबा, एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १ लिटर पाणी होतं."

मी म्हटलं, "असेल. आपल्याला काय त्याचं?"

तिनं मला घराचे पत्रे मोजायला लावले. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद. पाच चोक वीस. मग १० मिलिमीटर पाऊस आला, तर २०० लिटर पाणी! १५ लिटरचा हंडा धरा. १३ हंडे भरून वर उरतं.

तिची आई रोज डोक्यावर हंडे वाहते. ती म्हणाली, "म्हंजी एवढं पानी आजवर दारातनं वाहून गेलं व्हय?"

मी पन्हळ लावली. खाली पिंप ठेवलं. पहिल्या सरीचं पाणी सोडून दिलं. त्यात पत्र्यावरची घाण असते. पुढचं धरलं. ते भांड्यांना, गुरांना झालं.

मंडळी, लेकरू शाळेतून आलं, की जवळ बसवा. "आज काय शिकलास?" असं विचारा. लेकरापाशी शिकायला लाज कसली?