पायरीवरचा अनामिक आणि पोलीस ठाणे
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेले व्याख्यान)



जीवदया हा शब्द उच्चारला की समाजाच्या डोळ्यांपुढे प्रथम पांजरपोळ उभी राहते, पक्ष्यांसाठी ठेवलेली पाण्याची कुंडी येते, पर्युषणात दिलेले अभयदान आठवते. हे सारे उचितच आहे. परंतु राम आळीत, मारुती मंदिराच्या चौकात किंवा रेल्वे स्थानकाच्या फलाटावर अंगावर चिंध्या, डोक्यावर जटा आणि ओठांत अखंड पुटपुट असलेला जो माणूस दिसतो, तो मात्र या शब्दाच्या कक्षेत सहसा येत नाही. सकाळी दुकान उघडताना तो पायरीवर निजलेला आढळला, तर त्याला उठवून पुढे लावले जाते. फार तर बिस्किटाचा पुडा हातावर ठेवला जातो. पुढचा दुकानदारही तेच करतो. त्यात दुष्टपणा नसतो. गिऱ्हाईक बिचकेल एवढीच काळजी असते. पण अशा रीतीने तो एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर सरकत राहतो, आणि एके दिवशी दिसेनासा होतो. तो कोठे गेला, हे कोणी विचारत नाही.

यांतील पुष्कळजण मूळचे रत्नागिरीचे नसतात. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि केरळपासून उत्तरेपर्यंत जाणाऱ्या गाड्या या स्थानकावर थांबू लागल्या. आजाराच्या भरात घर सोडलेला माणूस कोठल्याही गाडीत चढतो आणि कोठेही उतरतो. महामार्गाने चालत आलेला हातखंब्याच्या नाक्यावरून शहराकडे वळतो. त्याच्यापाशी कागद नसतो, पैसा नसतो. पुष्कळदा आपले नावही त्याला सांगता येत नाही. ज्याला स्वतःची तक्रारच मांडता येत नाही, त्याच्याइतका दुर्बळ मनुष्य कोण? आणि ती स्त्री असेल, तर रात्रीच्या अंधारात तिच्यावर काय ओढवते याचा उच्चारही या सभागृहात करवत नाही.

अशा माणसाविषयी पोलिसांचे कर्तव्य काय, हे कायद्याने ठरवून दिलेले आहे. मात्र ते ठरता ठरता शंभर वर्षे गेली. १९१२ च्या इंग्रजी अमदानीतील कायद्यात त्याचे नाव ‘ल्युनॅटिक’ होते आणि पोलिसाने त्याला अटक करावयाची होती. १९८७ च्या कायद्यात ‘संरक्षणाखाली घेणे’ हे शब्द आले, तरी वाट न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कचेरीतूनच जात होती. शिवाय १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यामुळे यांतील काहींची गणना भिकाऱ्यांत होऊन जाई. कोठे कोठे तर गुन्हा नसताना तुरुंग वाट्याला आला. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, तेव्हा पश्चिम बंगालच्या तुरुंगांतील अशा रुग्णांच्या संदर्भात १९९३ साली न्यायालयाने निर्णय दिला, की गुन्हा न केलेल्या मनोरुग्णास तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर व घटनाबाह्य आहे.

सध्याचा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा असून तो २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याचे कलम १०० प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घ्यावे असे आहे. हद्दीत भटकत असलेली व्यक्ती मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ आहे असे सकारण वाटल्यास, तिला संरक्षणाखाली घेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत तिला जवळच्या शासकीय आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेले पाहिजे. कोणत्याही परिस्थितीत तिला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बेघर रुग्णाबाबत हरवलेल्या व्यक्तीची नोंद ठाण्यात करून तिच्या कुटुंबाचा शोध घेणे, ती कोठे आहे हे त्यांना कळवणे, हीसुद्धा ठाणे अंमलदाराचीच जबाबदारी आहे. म्हणजे रुग्णाला इस्पितळाच्या दारात उतरवून गाडी परत फिरली, की काम संपत नाही. खरे पाहता तेथून ते सुरू होते.

प्रत्यक्षात मात्र काय घडते? बंदोबस्त, गणेशोत्सव, शिमगा, अपघात, न्यायालयाच्या तारखा यांतून शिपायाला उसंत नसते. ज्याच्या अंगाला दुर्गंधी येते, जो अंगावर धावून येईल की काय याची खात्री नाही, अशा माणसाला गाडीत घेणे कोणालाही सुखाचे नाही. मग त्याला हद्दीबाहेर नेऊन सोडण्याची युक्ती निघते. ही युक्ती केवळ पोलिसांची नव्हे; कित्येक गावांच्या गावकऱ्यांनीही ती वापरलेली आहे. एका गावाचा उपद्रव दुसऱ्या गावाच्या माथी मारला, एवढेच त्यातून साधते. पोलिसांना नावे ठेवणे सोपे आहे, पण त्या रात्री ठाण्याला दूरध्वनी करणारा एकही दुकानदार नसतो, हेही तितकेच खरे.

रत्नागिरी या बाबतीत भाग्यवान आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातील जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये. त्यांपैकी एक याच शहरात आहे. उपचाराची सोय दारात आहे. अडते ते पत्त्यापाशी. औषधांनी मन ताळ्यावर येते, माणूस नीट जेवू-बोलू लागतो, परंतु घर सापडत नाही म्हणून तो तेथेच राहतो. सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्नही आला. बरे झालेल्या रुग्णांना मनोरुग्णालयातून काढून भिक्षेकरी गृहासारख्या संस्थांत हलवण्याची प्रथा महाराष्ट्राने बंद करावी, असे न्यायालयाला २०१९ साली सांगावे लागले. आसामातील माचांग लालुंग यांची हकिगत तर मन सुन्न करते. १९५१ साली तरुणपणी अटक होऊन त्यांची मनोरुग्णालयात रवानगी झाली. खटला उभाच राहिला नाही, आणि ते २००५ साली सुटले तेव्हा चोपन्न वर्षे लोटली होती. कोणी त्यांना मुद्दाम डांबले असे नव्हे. कागद विसरला गेला, एवढेच. कागद विसरणे म्हणजे काय, हे वहीखात्यावर जगणाऱ्या समाजाला निराळे सांगावयास नको.

याच्या उलट बाजूही आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मुंबईच्या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ च्या सुमारास रस्त्यावरच्या अशा रुग्णांना उचलून आणण्यास आरंभ केला. नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिणारा एक तरुण त्यांना दिसला. उपचारांनंतर कळले, की तो पदवीधर असून आंध्रातील सुस्थितीतल्या घरचा मुलगा आहे. पुढे कर्जतला ‘श्रद्धा’ संस्थेचे केंद्र उभे राहिले, हजारो माणसे आपापल्या घरी पोहोचली, आणि २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कार्याचे मर्म औषधाइतकेच शोधात आहे. रुग्णाच्या तोंडून निसटलेले एखाद्या नदीचे, जत्रेचे, शाळेचे नाव धरून गाव हुडकावयाचे, आणि मग सोबत जाऊन त्याला घरच्यांच्या स्वाधीन करावयाचे.

येथेच व्यापारी समाजाचा संबंध येतो. घरच्यांनी दूरच्या एखाद्या ठाण्यात ‘बेपत्ता’ अशी नोंद केलेली असते, रत्नागिरीच्या ठाण्यात ‘सापडला’ अशी नोंद असते. दोन्ही नोंदी खऱ्या, पण त्यांची गाठ पडत नाही. संगणक आले, आधारच्या ठशांवरून घर सापडल्याच्या घटनाही घडल्या. तरी ज्याचे आधारकार्डच कधी निघाले नाही, त्याच्यासाठी भाषा हाच एक धागा उरतो. कोकणात वाढलेल्या हवालदाराला माळव्याची बोली किंवा कच्छी कशी उमजावी? या समाजात मात्र गुजराती, कच्छी, मारवाडी बोलणारी घरे आहेत. कोल्हापूर-बेळगावकडची कानडी जाणणारे आहेत. सुरत, भिवंडी, इचलकरंजी, इरोड येथल्या पेढ्यांशी रोजचे बोलणे आहे. ‘तुमच्या बाजूला अमक्या नावाचे गाव आहे का?’ एवढा एक प्रश्न मालाच्या चौकशीबरोबर विचारला, तर तासाभरात उत्तर येऊ शकते. महिन्याचा पत्रव्यवहार तेवढ्यात उरकतो.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने दोन गोष्टी कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. पहिली अगदी छोटी. पायरीवर असा कोणी आढळला, तर त्याला पुढे न लावता ११२ वर कळवावे. जागा, वेळ, अंगावरचे कपडे आणि जखम असल्यास तीही सांगावी. स्त्री असल्यास महिला पोलीस मागावी. आणि गाडी येईपर्यंत दुकानातील एकाने तेथे थांबावे. त्याचे छायाचित्र काढून गावभर फिरवू नये. त्यालाही अब्रू आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, कोणाला कोणती भाषा येते आणि कोणत्या प्रांताशी व्यवहार आहे, याची एक यादी दूरध्वनी क्रमांकांसह तयार करून शहर पोलीस ठाण्याला व मनोरुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना द्यावी. घराचा पत्ता लागलेल्या रुग्णास परतीचे तिकीट, सोबत जाणाऱ्याचा खर्च आणि अंगावर घालण्यास कपड्यांचे दोन नवे जोड साधारण निधीतून देता येतील. नावे देऊ इच्छिणाऱ्यांसाठी आजच कार्यालयात वही ठेवण्यात आली आहे. नावापुढे भाषा आणि रात्री कितीपर्यंत दूरध्वनी केलेला चालेल, ती वेळ लिहावी.