आतड्यातील जिवाणू आणि उतारवयातील स्मृतिभ्रंश

(आखाडा बाळापूर येथे दिलेले व्याख्यान)



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. परंतु ज्या घरात दादी जेवून उठते आणि घटकाभरात ‘आज मला जेवायला का दिले नाही?’ असे शेजारणीला विचारते, त्या घरात कोणाला हसू येत नाही. सून बिचारी मोहल्ल्यात बदनाम होते आणि दादी हट्टी ठरते. वास्तविक दोष दोघींचाही नसतो. हा वयाचा स्वभाव नसून मेंदूचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतातील साठ वर्षांवरील शंभर माणसांपैकी सुमारे सात जणांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरापेक्षा खेड्यात आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले.

या आजाराचा सर्वांत मोठा प्रकार आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखला जातो. १९०६ साली त्यांनी एका मृत स्त्रीच्या मेंदूत साचलेले थर आणि पेशींतील गुंतवळे दाखवून दिले. त्यानंतर पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञांचे लक्ष या थरांवरच खिळले होते. पण मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशीही असतात. त्यांना मेंदूचे पहारेकरीच म्हणा ना! कचरा उचलणे आणि शत्रू दिसला की तुटून पडणे हे त्यांचे काम. २०१२ च्या अखेरीस दोन संशोधक गटांनी दाखवून दिले की या पहारेकऱ्यांच्या एका जनुकात, ट्रेम-२ मध्ये, विशिष्ट बिघाड असल्यास अल्झायमरचा धोका बराच वाढतो. म्हणजे रोगप्रतिकारशक्ती या आजाराची नुसती साक्षीदार नाही, तिचा त्यात हात आहे.

आता तुम्ही विचाराल, यात आतडे कोठून आले? तर त्याची गोष्ट जुनी आहे. शरीरातील पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हे दाखवणाऱ्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाला १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याच मेचनिकॉफचा असा सिद्धांत होता की मोठ्या आतड्यात जे कुजते त्याच्या विषाने म्हातारपण येते; म्हणून तो आंबवलेले दूध पीत असे आणि इतरांनाही सांगत असे. (मुंबईत १८९७ साली प्लेगची लस स्वतःला टोचून घेणारे हाफकिन हे त्याचेच शिष्य.) त्याचा विषाचा सिद्धांत टिकला नाही. मात्र आतडे आणि रोगप्रतिकारशक्ती यांचा विचार एकत्र करावा, ही त्याची दृष्टी आज पुन्हा मान्य झाली आहे.

आपल्या शरीरात जितक्या पेशी आहेत जवळजवळ तितकेच जिवाणू आहेत, आणि त्यांतील बहुतेकांची वस्ती मोठ्या आतड्यात असते. रोगप्रतिकारक पेशींचा एक मोठा तळही आतड्याच्या भिंतीत आहे. भाकरी, डाळी, भाज्या यांतील जो चोथा आपल्याला पचत नाही तो हे जिवाणू आंबवतात आणि काही आम्ले तयार करतात. २०१५ साली जर्मनीत असे दिसले की जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांच्या मेंदूतील पहारेकरी अपुऱ्या वाढीचे राहतात, आणि ही आम्ले दिली की ते सुधारतात. किती छान, असे वाटते. पण २०२३ साली अमेरिकेत सेंट लुईस येथे अल्झायमरसारखा आजार होणाऱ्या उंदरांवर प्रयोग झाला, तेव्हा जिवाणूविरहित उंदरांच्या मेंदूची हानी उलट कमी झाली, आणि तीच आम्ले पाजल्यावर आजार वाढला! निरोगी शरीरात जे पहारेकऱ्याला शहाणे करते तेच आजारी मेंदूत त्याला चिथावते, असे काहीसे असावे. त्याच वर्षी तेथील दुसऱ्या अभ्यासात, स्मरणशक्ती शाबूत असूनही मेंदूत थर साचू लागलेल्या माणसांच्या आतड्यातील जिवाणूंची रचना थोडी निराळी आढळली. जिवाणू बदलले म्हणून थर साचले की उलटे घडले, हे त्यावरून ठरत नाही.

शिवाय परदेशी आतडे आणि आपले आतडे एक नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या आतड्यातील जिवाणू तपासले. वयाप्रमाणे त्यांची रचना बदलते असे २०१२ साली प्रसिद्ध केले. धान्य-डाळींवर पोसलेल्या आपल्या लोकांत प्रेव्होटेला हे जिवाणू विपुल सापडतात. तेव्हा परदेशी जिवाणूंच्या गोळ्या ‘स्मरणशक्तीसाठी’ म्हणून विकणाऱ्यांपासून मी तरी चार हात दूर राहीन.

आपला भाग हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हळदीतील कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. आतड्यातील एक जिवाणू त्याचे रूपांतर करतो, हे जपानी शास्त्रज्ञांनी २०११ साली शोधले. पण अल्झायमरच्या रुग्णांना कर्क्युमिन देऊन पाहिलेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या प्रयोगात फायदा दिसला नाही. निरोगी माणसांवरील नंतरच्या प्रयोगांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. हळद वरणात घालावी आणि बाजारात चांगल्या भावाने विकावी; ते स्मृतिभ्रंशाचे औषध आहे असे सांगून विकू नये.

मग माणसांत ठोस काय दिसते? वेल्समध्ये नागिणीची लस देताना २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ती मिळाली, आदल्या दिवसापर्यंत जन्मलेल्यांना नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबात, लस घेतलेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशाने कमी आढळला. लस विषाणूला रोखते म्हणून की प्रतिकारशक्तीला वळण लावते म्हणून, हा वाद चालू आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. कालपर्यंत नीट असलेले वृद्ध एकाएकी बरळू लागतात, माणसे ओळखत नाहीत. कोणी म्हणते बाहेरची बाधा, कोणी म्हणते म्हातारचळ. पुष्कळदा ते लघवीचे किंवा छातीचे इन्फेक्शन असते. शरीर जंतूंशी झुंजत असता त्याचा क्षोभ मेंदूपर्यंत पोहोचतो. वृद्धांत ताप नसतानाही असे होते. वेळीच उपचार झाले तर बहुतेक माणसे ताळ्यावर येतात. दुर्लक्ष केल्यास जीवही जातो. मात्र अँटिबायोटिक डॉक्टरांनी लिहून दिले तरच घ्यावे. सर्दी-पडशाला दुकानातून चार गोळ्या आणून आतड्यातील वस्ती उद्ध्वस्त करणे हा शुद्ध अविचार आहे.

हळूहळू वाढणाऱ्या विसराळूपणातही दुरुस्त होण्याजोगी कारणे निघतात: ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, झोपेच्या गोळ्या. रक्तदाब, साखर आणि कमी ऐकू येणे यांकडे चाळिशीपासूनच पाहावे लागते. तेव्हा वृद्धांना हिंगोलीला किंवा नांदेडला दाखवायला नेताना चालू असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या बरोबर घ्या, आणि विसर पडणे कोणत्या महिन्यात सुरू झाले ते घरातल्या बायकांना विचारून कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.