टक्के दोन, खिडक्या दोन: कामावर बोटं गेली तर पुढे काय?

आजचा विषय जरा जड आहे, पण आपल्याच भागातला आहे. कामावर इजा होऊन कायमचं अपंगत्व आलं, तर त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना काय मिळतं, आणि ते मागायचं कुठे?

भोसरी, तळवडे, चाकण, महाळुंगे इकडे राहत असाल, तर प्रेस मशीन म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मोठ्या गाडी कंपन्यांच्या मागे शेकडो छोटे व्हेंडर आहेत. तिथे पत्रा दाबणाऱ्या मशीनखाली हात जातो. 'सेफ इन इंडिया' ही संस्था वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांसाठी काम करते आणि 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: अनेक कामगारांना ईएसआयसीचं कार्ड अपघात झाल्यावरच हातात पडलं.

आता मुद्द्यावर येऊ. अपंगत्वाचे 'टक्के' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. घोळ इथेच होतो. टक्के दोन प्रकारचे असतात, आणि ते मोजणारी खिडकीही वेगळी असते.

पहिली खिडकी यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्राची. हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली मिळतं. 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज करायचा आणि सरकारी दवाखान्यात तपासणीला जायचं. आपल्याकडे पिंपरीचं वायसीएम आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे. इथे डॉक्टर बघतात की शरीराचं किती नुकसान झालं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त निघाले, तर सरकारी नोकरीतलं आरक्षण, एसटीच्या भाड्यातली सवलत अशा बऱ्याच गोष्टी खुल्या होतात.

पण एक-दोन बोटं गेली तर ४० टक्के सहसा होत नाहीत. मग माणूस घरी येऊन सांगतो, "नाही बसलो. कमी पडले." आणि विषय संपतो.

तो संपायला नको, कारण दुसरी खिडकी अजून बाकी आहे. ती ईएसआयसीची. तिथलं मेडिकल बोर्ड वेगळा प्रश्न विचारतं: या इजेमुळे तुझी कमवायची ताकद किती कमी झाली? त्याचा तक्ता कायद्यातच दिलेला आहे. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, तीन गेली तर ३०, चार गेली तर ५०. अंगठा गेला तर ३०. इथे ४० ची अट नाही. जेवढे टक्के, तेवढी पेन्शन, आणि अपंगत्व कायमचं असेल तर ती आयुष्यभर.

हिशोब करून बघू. समजा पगार महिना १८,००० आहे, म्हणजे दिवसाला साधारण ६००. त्याचे ९० टक्के झाले ५४०. दोन बोटांचे २० टक्के धरले तर दिवसाला १०८ रुपये, महिन्याला सुमारे ३,२४०. रक्कम मोठी नाही, मान्य. पण पंचवीस वर्षांच्या पोराला ती पुढची चाळीस वर्षं मिळू शकते. दुसरी नोकरी लागली म्हणून ती बंदही होत नाही. टक्के कमी लावले असं वाटलं तर अपीलही करता येतं. जखम भरेपर्यंत घरी बसावं लागतं, त्या दिवसांचे पैसे वेगळे, तेही पगाराच्या ९० टक्के दराने.

आता तुम्ही म्हणाल, "तो तर कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आहे, लागून आठ दिवस पण झाले नाहीत." चालतं! पगार २१,००० पर्यंत असेल आणि कंपनी ईएसआयसीत येत असेल, तर कॉन्ट्रॅक्टवरचा कामगारही येतो. कामावरच्या इजेसाठी आधी अमुक महिने पैसे कापलेले असावेत अशी अट नाही, पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. कामावर जाता-येता रस्त्यात अपघात झाला आणि त्याचा कामाशी संबंध असेल, तर तोही धरला जातो. पगार जास्त असल्यामुळे ईएसआयसी लागू नसेल, तर नुकसानभरपाई मालकाने द्यायची असते.

घरच्यांसाठी पण एक सांगतो. कामगाराचं मूल दिव्यांग असेल आणि पूर्णपणे त्याच्यावर अवलंबून असेल, तर ईएसआयसीच्या उपचारांसाठी त्या मुलाला वयाची अट राहत नाही. बऱ्याच आई-वडिलांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

सांगितलेलं का नसतं? माझ्या मते खरी अडचण भाषेची आहे. चाकणच्या खोल्यांमध्ये कोण राहतं? बीड, नांदेड, यवतमाळची पोरं, आणि बिहार, ओडिशा, झारखंडची पण. अपघाताचा अहवाल कंपनीने ईएसआयसीला पाठवायचा असतो, आणि तो बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. अपघात कधी झाला, कुठल्या मशीनवर झाला, तो माणूस त्या वेळी कोणतं काम करत होता, हे सगळं त्यात असतं. 'मशीनवर काम करताना' याऐवजी 'खोलीवर पडला' असं लिहिलं गेलं, तर सगळी केस फिरते. आणि ज्याचा हात गेला, तो दुसऱ्या हाताने त्याला न वाचता येणाऱ्या कागदावर सही करतो.

इथे आपण कामी येतो. तुम्ही हे ऐकताय म्हणजे तुमच्या हातात फोन आहे. इंग्रजी कागदावर कॅमेरा धरला तर भाषांतर समोर येतं, ते मोठ्याने वाचून दाखवा. ओडियावाल्याला ओडियात ऐकवा. सहीआधी फोटो काढून ठेवा. मशीन नंबर, वेळ, शेजारी कोण होतं, हे त्याच दिवशी व्हॉइस नोटमध्ये बोलून ठेवा.

अपघाताची वाट पण बघू नका. आज रूममेटला विचारा, "तुझा दहा आकडी ईएसआयसी नंबर कुठला?" पगाराच्या स्लिपवर किंवा उमंग अ‍ॅपवर सापडेल. नोंदवलेला मोबाइल नंबर त्याचाच आहे ना, हेही बघा. नंबरच नसेल, तर तो आत्ताच मागायला हवा. अडलात तर ईएसआयसीची टोल फ्री लाइन आहे: १८००-११-२५२६. दवाखाना चिंचवडला मोहननगरमध्ये आहे.

शेवटचा मुद्दा आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी. बोटं गेलेला माणूस बँकेत जातो आणि मशीन म्हणतं, अंगठा लावा. आधारला बोटांऐवजी डोळ्यांचं स्कॅन चालतं. पण समोरच्या ऑपरेटरला ते माहीत हवं, आणि अ‍ॅपमध्ये तसा पर्याय हवा. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने प्रज्ञा प्रसून यांच्या केसमध्ये सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ती केस ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांची होती. केवायसीमध्ये 'डोळे मिचकवा' म्हणतात आणि त्यांना ते जमत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी स्क्रीन डिझाइन करताना कोणी म्हणालं, "असे युजर किती असणार?", तर त्याला एकदा चाकणला घेऊन या.

थोडक्यात, एका खिडकीने नाही म्हटलं तर दुसरीकडे जायचं. दोन्हीकडे अर्ज करायला कोणाची आडकाठी नाही. यूडीआयडी कार्ड देशभर चालतं, त्यामुळे उद्या तो गावी परत गेला तरी ते वाया जात नाही.

हा भाग तुमच्या खोलीच्या, लाइनच्या, कंपनीच्या ग्रुपवर टाका. ज्याला मराठी येत नाही, त्याला तुम्ही त्याच्या भाषेत समजावून सांगा. भेटू पुढच्या भागात. मशीनवर असाल तर गार्ड काढू नका, कोणी कितीही घाई केली तरी.