गिरणगाव दाखवायला गिरणगावचीच माणसं



हॉटेलवाले, सहल कंपन्या, सगळ्यांची सध्या एकच तक्रार असते: माणसं मिळत नाहीत. करोनाच्या टाळेबंदीत गावी गेलेले कितीतरी जण या धंद्यात परतलेच नाहीत. सणासुदीला राबायचं आणि हंगाम सरला की घरी बसायचं, हे तरुणांना नको वाटतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण मुंबईच्या गिरणगावात, आमच्या भोईवाड्यात संध्याकाळी चाळीसमोरच्या बाकड्यांवर नजर टाका. गिरणगाव फिरवून दाखवू शकतील अशी ज्येष्ठ माणसं आहेत. त्यांना कुणी विचारलेलं नाही, इतकंच.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तेव्हा पंचविशीत असलेला बदली कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. अशाच एका आजोबांनी मला साचेखात्यातलं, म्हणजे मागांच्या खात्यातलं, बोलणं करून दाखवलं. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द ऐकू येत नसे, म्हणून सगळं ओठांवर आणि हातवाऱ्यांवर चाले. धागा तुटला, मुकादम येतोय, चहाला चल. तोंडातून आवाज न काढता त्यांनी सगळं सांगितलं. हे कुठल्या माहितीपत्रकात छापणार?

तसंच खाणावळी चालवणाऱ्या बायकांचं. एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपणाऱ्या कामगारांना या बायकांनी जेवू घातलं. त्यांनाच संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. लालबाग-परळची चव पाहुण्यांना सांगायची, तर त्यांच्याइतका अधिकार कुणाचा?

जपानमध्ये निवृत्तांना हलकी, अर्धवेळ कामं मिळवून देणारी केंद्रं गावोगाव आहेत. मालकांनी सत्तरीपर्यंत काम देण्याचा प्रयत्न करावा, असं २०२१पासून तिथला कायदाच सांगतो. माणसं कमी पडू लागली, तसा त्या देशानं हा विचार केला. आपल्याकडे मात्र अजून शाल, नारळ आणि मानधनाचं पाकीट देऊन ज्येष्ठांची बोळवण होते. मला हे मनापासून खटकतं. काम घ्यायचं तर तरुण गाइडइतकाच मेहनताना द्या, आणि तो त्याच दिवशी हातात ठेवा. गिरणगावची फेरी सकाळची, दोन तासांची असावी; जिने नकोत; वाटेत बसायला जागा आणि स्वच्छ शौचालय हवं, बायकांसाठी तर हवंच हवं. परदेशी पाहुणे असले की सोबत इंग्रजी बोलणारा कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी द्यावी. त्या मुलांच्याही कानावर चार गोष्टी पडतील.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेनं वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम हाती घेतलं आहे. तिथली भरती करताना वयाची अट काढावी आणि शाळेच्या दाखल्याऐवजी गिरणीचं जुनं ओळखपत्र चालवून घ्यावं. नावनोंदणीचं टेबल मात्र कार्यालयात मांडू नये. भोईवाडा, परळ, लालबागच्या गणेशोत्सव मंडळांत आणि भजनी मंडळांत मांडावं. ती सगळी माणसं तिथे भेटतात.